डॉक्टरांच्या संघटनेने कायद्यासाठी भांडावं का?

प्रश्न : माझी मुलगी रेडिओलॉजी शिकतेय. डॉक्टरांच्या संघटना कायदे बदलून घ्यायला कोर्टात जातात, ते पटत नाही. तुमचं मत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जावं, जरूर जावं, पण कोणासाठी ते आधी ठरवावं. मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यात ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो : गरोदर बाईचं नाव, पत्ता, आधीची मुलं-मुली किती, सोनोग्राफी कशासाठी, आणि ‘लिंग जाणून घ्यायचं नाही’ यावर तिची सही किंवा अंगठा. एखादा रकाना राहिला तर फौजदारी गुन्हा नको, म्हणून ‘फॉग्सी’ ही आमची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये याचिका फेटाळली गेली. मला निकाल पटला. बंद खोलीत डॉक्टर काय बोलला याला साक्षीदार नसतो. मागे राहतो तो हाच कागद. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशाच्या आधी, असा कायदा केला होता.

साध्या चुकीपायी मशीन सील झालं की प्रामाणिक डॉक्टरचे काय हाल होतात, हे मी जवळून पाहिलंय. त्याच्यासाठी संघटनेने बोलायलाच हवं. पण तितक्याच जोराने लिंग सांगणाऱ्या सभासदाला बाहेर काढा, असंही म्हणावं. मुलीला सभासद जरूर होऊ द्या, आणि सभेत हे विचारायला सांगा.