समुद्र एवढा मोठा आहे, मग मासे संपतील असं म्हणून उगाच घाबरवतात का?

मासे संपतात म्हणजे एक दिवस जाळं रिकामं येतं असं बहुतेकांना वाटतं, तसं होत नाही. आधी मासा लहान होतो. मी पालघरकडचा, घरात मासेमारी, स्वतः मात्र नोकरी करतो, त्यामुळे तज्ज्ञ वगैरे नाही, बघितलंय ते सांगतो.

माझी मावशी बाजारात बसते. लहानपणी तिच्या पाटीतलं एक पापलेट घरी आलं की तुकडे करून चार माणसांना पुरायचं. मागे एकदा गेलो तर पाटीत तळहातापेक्षा लहान पापलेटं, वाटे लावून ठेवलेली, मांदेलीसारखी! मी म्हटलं मावशी हे काय, तर म्हणाली, "ही पापलेटां नाय रे, पापलेटची पोरां हायेत." आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर तिने दोन वाटे विकले पण.

आता यात होतं काय, तर मासा एकदाही अंडी घालायच्या आत पाटीत आला की पुढची पिढी तिथेच गेली. आणि मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी घालते, त्यामुळे मोठे मासे आधीच काढून टाकले की मागे उरलेल्या छोट्यांवर समुद्र लवकर भरत नाही. शेतकऱ्याने बियाणंच भाकरीला दळलं तर पुढच्या वर्षी काय पेरणार, तसं.

मग शहरात हे कळत का नाही? कारण भाव. मासा कमी झाला की भाव चढतो, बोटवाल्याची विक्रीची रक्कम वरवर तेवढीच दिसते, फक्त आधी जे जवळ मिळायचं त्यासाठी आता लांब जावं लागतं, डिझेल जास्त, बर्फ जास्त, खलाशी जास्त दिवस बाहेर. बाजारात मासा दिसतोच, म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं सगळं ठीक आहे.

कायदे नाहीत असंही नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. एलईडी लाइट लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेटसाठी 135 मिमी, म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाईलपेक्षा थोडं कमीच. पण बंदरावर पट्टी घेऊन मोजायला कोण उभं राहतं ते मला तरी दिसलेलं नाही. राज्यमासा म्हणून फोटो छापायचा आणि त्याचीच पिल्लं वाट्यावर विकायची, असा सगळा प्रकार.

दोष कोणाचा विचाराल तर आमच्याकडे डोलवाला (डोल म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं) पर्ससीनवाल्याला (माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळायचं मोठं जाळं) शिव्या देतो, पर्ससीनवाला ट्रॉलरवाल्याला (बोटीमागे जाळं ओढत नेणारा). माझ्या घरच्यांना आवडणार नाही पण आमच्या डोलीच्या बारीक भोकांच्या जाळ्यातही पिल्लं येतातच. आणि हल्ली डोल ओढली की जवळ्यात अडकलेलं प्लास्टिक निवडत बसावं लागतं, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, काय काय. हे काही कोळ्यांनी एकट्यांनी टाकलेलं नाही, खाडीतून शहराचं येतं सगळं.

आणि "थांबलो की परत वाढतील" म्हणणाऱ्यांनी कॅनडातलं न्यूफाउंडलंड बघावं. तिथे कॉड मासा शेकडो वर्षं पकडत होते, मग मोठमोठे फॅक्टरी ट्रॉलर, म्हणजे मासा पकडून बोटीवरच साफ करून गोठवणारी जहाजं, आले, 1968 साली एका वर्षात 8 लाख टनांच्या आसपास काढला. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा लहान आणि कमी होतोय, पण सरकारी आकडे बरे दिसत होते त्यामुळे कोणी ऐकलं नाही. 2 जुलै 1992 ला मासेमारी बंद केली, दोन वर्षांसाठी म्हणून. जवळपास 30 हजार लोकांचा धंदा एका दिवसात गेला. ती बंदी उठली 2024 मध्ये, आणि तीही फक्त 18 हजार टनांपुरती. दोन वर्षं म्हणता म्हणता 32 गेली! तिथली पोरं मासेमारी सोडून कुठे कुठे कामाला गेली, इथेही माझ्यासकट तेच चाललंय म्हणा.

तर मासे खायचे का नाही? मी खातो, बिनधास्त. फक्त तळहाताएवढं पापलेट घेत नाही आणि पावसाळ्यात सुकटीवर भागवतो. या पापलेटवरून मावशी दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हती, म्हणे शिकलास म्हणून आम्हाला शिकवतोस. आता मांदेलीचा वाटा देते, पण दुसऱ्यांपेक्षा दोन-चार कमीच टाकते.