वाचक विचारतात: चौघांच्या टेबलावर स्वस्तातला कॉम्बो

प्रश्न: आम्ही चौघं 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळातला पॉपर कमांडर (एक कमांडर आणि बाकी 99 'कॉमन', म्हणजे सहज मिळणारी कार्डं) खेळतो. माझ्या हिरव्या-पांढऱ्या डेकमध्ये मिडनाइट गार्ड या प्राण्यावर प्रेझेन्स ऑफ गाँड हे कार्ड लावलं की हवे तेवढे एल्फ निघतात. पण हल्ला करायच्या आधीच कुणीतरी ते साफ करतं. कॉम्बोच चुकला का?

उत्तर: कॉम्बो उत्तम आहे, शेवट चुकतोय. गार्ड टॅप केला (वापरला म्हणून आडवा केला) की एल्फ येतो, एल्फ आला की गार्ड अनटॅप (पुन्हा उभा) होतो. पण नवे एल्फ त्याच पाळीत हल्ला करू शकत नाहीत. दोघांच्या खेळात मध्ये एकच पाळी जाते, चौघांच्या खेळात तीन. तेवढ्यात क्रिप्ट रॅट्स असलेल्याने एक काळा मना (कार्डं खेळायला लागणारी शक्ती) खर्च केला, की 1/1 (ताकद 1, तग 1) एल्फांची अख्खी फौज गारद.

त्यापेक्षा लाल रंग जोडून इम्पॅक्ट ट्रेमर्स घ्या. दोन मनाचं कार्ड. तुमच्या बाजूला प्राणी आला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला 1 डॅमेज. सुरुवातीचं लाइफ 30, म्हणजे कुणी लाइफ वाढवलं नसेल तर तिसाव्या एल्फला तिघंही एकदम बाद. एकालाच मारणारा कॉम्बो चौघांत घेऊच नये. उरलेले दोघे लगेच एकत्र येतात. ट्रेमर्सला पर्याय म्हणून विटी रोस्टमास्टर आणि मोल्टन गेटकीपर ठेवा, कारण एका नावाचं एकच कार्ड चालतं. कमांडर म्हणून वूली थॉक्टर चालेल. कॉम्बोला त्याची मदत नाही, पण तीन मनात 5/4 आहे आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. तेही उपयोगाचंच.

आता क्रम. आधी ट्रेमर्स, मग गार्ड. गार्ड किमान एक पाळी आधी उतरलेला हवा, नाहीतर समनिंग सिकनेसमुळे त्याला टॅपच करता येणार नाही. ऑरा (प्राण्यावर लावायचं कार्ड, इथे प्रेझेन्स ऑफ गाँड) सगळ्यात शेवटी. ऑरा स्टॅकवर (खेळली, पण परिणाम व्हायचाय) असताना कुणी गार्ड मारला तर तीही ग्रेव्हयार्डात (बाद कार्डांच्या ढिगात) जाते. त्याचं एक कार्ड, तुमची दोन. म्हणून ऑरासाठी 3 आणि गार्डला वाचवणाऱ्या स्नेकस्किन व्हेलसाठी 1, असे 4 मना मोकळे होईपर्यंत हात आवरा. व्हेलऐवजी गॉड्स विलिंग वापरत असाल तर 'हिरवा' हा रंग कधीच सांगू नका. प्रेझेन्स ऑफ गाँड स्वतः हिरवं आहे. हिरव्यापासून संरक्षण मिळताच ते गार्डवरून गळून पडेल.

प्रश्न: 99 वेगवेगळ्या कार्डांतून नेमकी ही दोन सापडायची कशी?

उत्तर: ऑरा शोधणं सोपं आहे. हेलिओड्स पिलग्रिम (3 मना) आणि टोटेम-गाइड हार्टबीस्ट (5 मना) दोघंही डेकमधून ऑरा काढून हातात देतात. गार्डला असा थेट मार्ग नाही, तिथे डेकमधली वरची काही कार्डंच पाहू देणाऱ्या कम्यून विथ नेचर आणि वाइंडिंग वे यांवर भागवावं लागतं. मेलेला गार्ड पल्स ऑफ मुरासाने हातात परत येतो, ऑरा किंवा ट्रेमर्स ऑरामॅन्सरने. ही सगळी कार्डं कॉमन आहेत.

प्रश्न: निळ्या-काळ्या डेकमध्ये पेरेग्रिन ड्रेक, आर्किओमॅन्सर आणि घोस्टली फ्लिकर तिन्ही हातात असूनही मना कमी पडतो.

उत्तर: तिन्ही एकाच पाळीत खेळायची तर सात लँड (मना देणारी कार्डं) होऊ द्या. पाच टॅप करून ड्रेक उतरवा, तो तेच पाच अनटॅप करतो. सातांतले चार आर्किओमॅन्सरला, उरलेले तीन फ्लिकरला. फ्लिकर दोन कार्डं खेळाबाहेर नेऊन लगेच पुन्हा उतरवतं. त्याचं लक्ष्य हेच दोघं: ड्रेक पाच लँड उघडतो, आर्किओमॅन्सर फ्लिकर हातात परत देतो. दर फेरीला दोन मना शिल्लक पडतो. फेज (पाळीतला टप्पा) संपली की साठवलेला मना जातो, तेव्हा सगळं एकाच मेन फेजमध्ये उरका.

शेवट ग्रे मर्चंट ऑफ अ‍ॅस्फोडेलने करा. टेबलावर तुमचं दुसरं काळं काही नसेल तर तो उतरताना प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं 2 लाइफ घेतो. तो एकदा उतरवायचा आणि मग ड्रेकच्या जागी त्याच्यावर 14 वेळा फ्लिकर, म्हणजे 30 लाइफ पूर्ण. त्यासाठी 5 अधिक 42, एकूण 47 मना आधी साठवून घ्या. त्यात फ्लिकरसाठी 14 निळे आणि मर्चंटसाठी 2 काळे हवेत. समोर कुणाकडे निहिल स्पेलबॉम्ब असेल तर सुरूच करू नका. आर्किओमॅन्सरची क्षमता स्टॅकवर असताना तो तुमचं ग्रेव्हयार्ड रिकामं करेल, आणि फ्लिकर कायमचं गेलं.