भिंत बांधली की पूर थांबेल का?

प्रश्न: खाडीकाठच्या वस्तीत दर पावसाळ्यात पाणी शिरतं, समुद्राकडून उंच भिंत बांधली तर सुटेल का हा प्रश्न?

उत्तर: एकट्या भिंतीने नाही सुटणार हो. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्याचं तोंड समुद्राच्या पातळीखाली जातं, मग पावसाचं पाणी भिंतीच्या आतच तुंबतं, म्हणून भरतीचं पाणी आत येऊ न देणाऱ्या झडपा आणि तुंबलेलं पाणी बाहेर फेकणारे पंप हवेतच. आणि जमीन खचणं, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जमीन खाली गेली की भिंतही तोकडी पडते! इंडोनेशियातल्या जकार्तात बोअरचं पाणी उपसून उपसून काही भाग काही मीटर खाली गेलेत, टोकियोत १९६०-७० च्या दशकांत उपशावर बंधनं आली तेव्हा खचणं बरंच थांबलं. पण बोअर बंद करायचे तर आधी नळाचं पाणी द्या ना लोकांना. लाटांचा जोर कमी करणारं कांदळवनही राखाच. वस्ती हलवणं अगदी शेवटी, तेही रोजगाराजवळ घर देऊन.