वाचक विचारतात : माणसं एवढ्या लवकर बिथरतात का?

प्रश्न : नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या सप्टेंबर २०२३ च्या पुरावर कथा लिहितेय. इमारतीत तीन दिवस अडकलेली आठ माणसं चौथ्याच पानावर एकमेकांच्या जिवावर उठतात. मैत्रिणींना पटत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भीती मुरण्याआधीच तुम्ही मारामारी आणलीत. आधी टंचाई दिसू द्या. वीज नाही, पंप बंद, प्यायला २० लिटरचा एकच जार. माणशी दोन लिटर धरले तर तो सव्वा दिवस पुरेल. आधी जार सगळ्यांसमोर असतो. मग कुणीतरी ‘सांडायला नको’ म्हणून तो आपल्या खोलीत नेतं, आणि कुणीच हटकत नाही. कथा खरी इथे वळते. या प्रसंगाला दोन पानं द्या. संबोधनंही घसरू द्या : सकाळचे ‘देशपांडे काका’ संध्याकाळी ‘तिसऱ्या मजल्यावरचे’, रात्री नुसता ‘म्हातारा’. फोन बंद पडले की अफवा आणा. हात उगारणं एकदाच, तेही शेवटाकडे.

आणि तो पूर रात्रीतून आला, दिवसा बचावपथकं पोचली. तीन दिवसांची कोंडी हवीच असेल तर तलाव आणि वस्ती काल्पनिक ठेवा. नाहीतर नागपूरचा वाचक तिथेच अडेल.