एक्सेलमधून आलेला डेटा क्वेरीतच नीट करता येतो का? त्यासाठी कोणती फंक्शन्स शिकू?

तुमचा प्रश्न असा आहे: एक्सेलची मोठी यादी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात घेतली. एकाच गावाचं नाव चार तऱ्हांनी आलंय, मोबाइल नंबरांत रेघा आणि स्पेस आहेत, तारखा मजकूर म्हणून पडल्यात. हे सगळं हाताने दुरुस्त करायचं की क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) काही सोय आहे?

सोय आहे, आणि हाताने मुळीच करू नका. मी दूध संकलनाच्या नोंदींवर बरीच वर्षं काम करतो आणि नेमका असाच डेटा माझ्याकडे रोज येतो. (फंक्शनची नावं इथे देवनागरीत लिहितोय, क्वेरीत अर्थातच रोमनमध्ये लिहायची.)

आधी एक गोष्ट पक्की करा. सिलेक्टमध्ये (डेटा बघण्याच्या क्वेरीत) लावलेलं फंक्शन फक्त समोर दिसणारा निकाल बदलतं, टेबलातला मूळ डेटा आहे तसाच राहतो. त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. मूळ कॉलम आणि सुधारलेला कॉलम शेजारी शेजारी काढून डोळ्यांनी तपासा. अपडेट (टेबलातला डेटा बदलणारी आज्ञा) सगळ्यात शेवटी.

आता गावाचं नाव. सगळे ट्रिम सांगतात, पण ट्रिम फक्त आगेमागेची साधी स्पेस काढतं. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात बऱ्याचदा न तुटणारी स्पेस असते. ती दिसते अगदी साध्या स्पेससारखी, पण तिचा कोड १६० असतो आणि ट्रिम तिला हातही लावत नाही. म्हणून आधी रिप्लेस(गाव, सीएचआर(१६०), ' ') आणि त्याच्या बाहेर ट्रिम. एकात एक घातलेली फंक्शन्स नेहमी आतून बाहेर वाचायची.

एवढं करूनही माझ्या अहवालात कऱ्हाड तीन वेळा आलं. ग्रुप बायने गावानुसार बेरीज काढल्यावर तीन ओळी, तिन्ही नावं अक्षरशः सारखी दिसणारी आणि लिटर तिघांत वाटले गेलेले. एक अख्खी दुपार गेली. शेवटी प्रत्येक नावाला लेंग्थ लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला: एकाची लांबी ६, बाकी दोघांची ७. आपल्याला दिसणारी अक्षरं तीनच, पण लेंग्थ युनिकोडची चिन्हं मोजतं, काना, हलन्त, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) सगळं वेगवेगळं. आणि मराठीतला हा अर्धा ऱ् तीन प्रकारे टाइप होतो: थेट ऱ आणि हलन्त, किंवा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. संगणकाच्या लेखी हे तीन वेगळे शब्द. कुठल्या केंद्रावर कुठला कीबोर्ड आहे, त्यावर ते ठरत होतं.

यातला नुक्तावाला प्रकार नॉर्मलाइझ(गाव) सुटसुटीत सोडवतं. हे फंक्शन पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून आहे. जोडचिन्हाचा प्रकार मात्र त्याने सुटत नाही. त्या चिन्हाचा कोड ८२०५, म्हणून रिप्लेस(गाव, 'र्' || सीएचआर(८२०५), 'ऱ्') असं वेगळं लिहावं लागतं. मराठी डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण इंग्रजी उदाहरणं देणाऱ्या शिकवण्यांत याचा उल्लेखही नसतो. तिथे शिकवलेली अप्पर आणि लोअर देवनागरीवर काहीच करत नाहीत.

पण कुणी 'कराड' लिहिलं असेल तर? तिथे कुठलंही फंक्शन उपयोगाचं नाही. दोन्ही एकच गाव आहे हे आपल्याला ठाऊक, डेटाबेसला नाही. त्यासाठी गावांच्या अधिकृत नावांचं वेगळं टेबल करा आणि आपलं टेबल त्याला जॉइन करा (जोडा). रिप्लेसवर रिप्लेस रचत बसू नका. मी रचले होते, पुढे कुणालाच ती क्वेरी वाचता येईना.

मोबाइल नंबरांत देवनागरी अंकही असतील तर आधी ट्रान्सलेट वापरून ० ते ९ चे रोमन अंक करून घ्या. मग रेजेक्सप रिप्लेसने अंक सोडून बाकी सगळं काढा (शेवटी 'जी' हा फ्लॅग द्या, नाहीतर पहिलंच चिन्ह जाईल) आणि राइट(…, १०) ने शेवटचे दहा आकडे घ्या. दहापेक्षा कमी निघाले ते नंबर वेगळे काढून फोनवहीशी ताडून पाहा.

नावं जोडताना नलपासून (जिथे काहीच माहिती भरलेली नाही त्या जागेपासून) सांभाळा. दोन उभ्या रेघांनी नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जोडलं आणि मधलं नल असलं, तर पूर्ण नावच नल होतं. एकदा आमच्या दहा दिवसांच्या बिलांवर काही शेतकऱ्यांच्या नावाची जागा कोरी छापली गेली, ती यामुळेच. त्या माणसांनी पहाटे उठून दूध घातलेलं होतं. तेव्हापासून मी कॉनकॅट डब्ल्यूएस वापरतो, ते नल सोडून पुढे जातं. एक्सेलमधून रिकामा मजकूर आला असेल तर तो आधी नलइफ(वडिलांचं_नाव, '') ने नल करून घ्या, नाहीतर मध्ये दोन स्पेस पडतात.

तारखांसाठी टू डेट(मजकूर, नमुना), नमुन्यात दिवस, महिना, वर्ष असा क्रम. '०३/१३/२०२४' आलं की तेरावा महिना नाही म्हणून एरर येईल. ती एरर चांगली, कारण एखादं केंद्र महिना आधी लिहितंय हे तिच्यामुळे कळतं. खरा धोका '०३/०४/२०२४' चा. ते कुठल्याही क्रमाने मुकाट्याने तारीख बनतं. म्हणून फाइल कुठून आली याचा कॉलम ठेवा आणि केसमध्ये (अट पाहून पर्याय निवडणाऱ्या रचनेत) प्रत्येक स्रोताला त्याचा नमुना द्या.

व्हेअरमध्ये (ओळी निवडण्याच्या अटीत) मात्र कॉलमला फंक्शन गुंडाळणं टाळा, त्या कॉलमचा साधा इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) वापरला जात नाही. आर्थिक वर्ष हवं असेल तर १ एप्रिल २०२४ पासून आणि १ एप्रिल २०२५ च्या आधी, असं सरळ लिहा.

सगळं मनासारखं दिसलं की नवीन कॉलम जोडा आणि बिगिन टाकून त्यात अपडेट करा. किती ओळी बदलल्या तो आकडा तुमच्या सिलेक्टच्या आकड्याशी जुळला तरच कमिट (बदल पक्का), नाहीतर रोलबॅक (बदल रद्द). गावाच्या नावात अजून काही अडलं तर त्या नावाची लेंग्थ आणि कन्व्हर्ट टू(गाव, 'यूटीएफ८') चा निकाल इथे टाका, मी बघतो.