न्यू जर्सीत नाताळच्या दिवसांत चर्चमार्फत बेघर कुटुंबांना मदत केली जाते, त्यात आमच्यासारख्या हिंदू कुटुंबाला सहभागी होता येईल का?

होय, नक्की येईल, आणि तुमच्यासारख्या कुटुंबाची सर्वाधिक गरज ज्या रात्री असते ती २४ डिसेंबरची रात्र आहे. तुम्ही लिहिले आहे की दोन वर्षांपूर्वी इकडे आलो, मुले शाळेत आहेत, तिथे कोणी धर्माचा प्रश्न काढेल अशी धास्ती वाटते, आणि चार खेळणी नेऊन दिली तर पुरेसे होईल का. मी गेली ११ वर्षे उत्तर न्यू जर्सीतल्या एका चर्चमध्ये या कामासाठी जात असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

बेघर कुटुंबांना प्रार्थनास्थळात राहायला जागा देण्याच्या या पद्धतीचा उगम आपल्याच राज्यात झाला. कॅरन ओल्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावर राहणाऱ्या एका वृद्ध स्त्रीला सँडविच विकत घेऊन दिले आणि पुढे आपल्या मुलांना सोबत घेऊन त्या असे खाणे वाटू लागल्या. आपल्या युनियन काउंटीतही (काउंटी म्हणजे जिल्हा) मुलाबाळांसह बेघर झालेली कुटुंबे आहेत हे कळल्यावर त्यांनी प्रार्थनास्थळांकडे जागा मागितली, कारण त्या इमारतींत स्वयंपाकघर असते, मोठी खोली असते आणि रविवारच्या शाळेचे वर्ग एरवी आठवडाभर रिकामे असतात. दहा महिन्यांत ११ प्रार्थनास्थळे तयार झाली, वाय.एम.सी.ए. या समाजसेवी संस्थेने अंघोळीची आणि दिवसा थांबण्याची सोय केली आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये काम सुरू झाले. तीच संस्था आज ‘फॅमिली प्रॉमिस’ या नावाने देशभर ओळखली जाते.

मूळ पद्धतीत एक प्रार्थनास्थळ तीन ते पाच कुटुंबांना एक आठवडा ठेवून घेते, रविवारी खाटा आणि सामान गाडीत भरून पुढच्या ठिकाणी जाते, आणि प्रत्येकाची पाळी वर्षातून साधारण चारदा येते. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्याचीच मला नेहमी आठवण होते. वार लावून शिकलेल्या माणसांना म्हातारपणीही कोणत्या घरी आपल्याला पंगतीत बसवत आणि कोणत्या घरी दाराजवळ, हे पाठ असे, आणि आमच्या पाहुण्यांनाही आमच्याबद्दल असेच काहीतरी आठवत राहणार, याचे भान मी सोडत नाही. (तिथे राहणाऱ्यांना ‘पाहुणे’ असेच म्हणतात, तुम्हीही तोच शब्द वापरा.) २०२० च्या साथीनंतर ‘फॅमिली प्रॉमिस’च्या अनेक शाखांनी फिरती पद्धत सोडून कुटुंबांना एका ठिकाणी ठेवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे तुमच्या काउंटीत काय चालते ते आधी विचारून घ्या.

ही कुटुंबे कोण असतात, हे समजून मगच जा. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत एक तरी माणूस नोकरीवर होता; कोणी गोदामात, कोणी वृद्धाश्रमात, कोणी शाळेच्या बसवर. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे घरमालक जास्तीत जास्त दीड महिन्याच्या भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो, म्हणजे पहिल्या महिन्याचे भाडे धरून अडीच महिन्यांपर्यंतची रक्कम एकरकमी द्यावी लागू शकते, आणि आठवड्याच्या हिशोबाने मोटेलचे पैसे भरणाऱ्या माणसाकडे ती कधीच साठत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एका रात्री झालेल्या सरकारी मोजणीत देशभरात ७,७१,४८० माणसे बेघर आढळली, त्यांत जवळजवळ १,५०,००० मुले होती. नातेवाइकांच्या दिवाणखान्यात दिवस काढणारी कुटुंबे या मोजणीत धरलेलीच नाहीत.

आता धर्माबद्दल. येशूचा जन्म झाला तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले, ही कथा ख्रिस्ती माणूस डिसेंबरभर ऐकत असतो, आणि ज्यांना जागा नाही त्यांना दार उघडायचे ही त्याच्या लेखी त्या सणाची सरळ आज्ञा असते. तरीही पाहुण्यांना प्रार्थनेला बसवायचे नाही, उपदेश करायचा नाही, हा नियम आमच्याकडे काटेकोरपणे पाळला जातो, आणि मला इतक्या वर्षांत कोणीही माझा धर्म विचारलेला नाही. उलट २४ तारखेला संध्याकाळी चर्चचे स्वयंसेवक उपासनेला आणि मग आपापल्या घरी जातात, तेव्हा रात्री मुक्कामाला माणूस मिळणे कठीण होते. अनेक ठिकाणी ज्यू कुटुंबे ही पाळी आवर्जून घेत आली आहेत. ज्यांच्या घरी त्या रात्री सण नाही अशा आपल्यासारख्यांनी ती का घेऊ नये? मुक्कामाच्या पाळीत करायचे फार नसते. दोघांनी इमारतीच्या आतल्या व्हरांड्यात खाटांवर झोपायचे, कोणाला ताप आला किंवा पहाटे कोणी कामावर निघाले तर हजर असायचे.

खेळण्यांबद्दल माझे मत ठाम आहे. पूर्वी एका मंडळाने इथे येऊन मुलांना रांगेत उभे केले, हातात भेटी दिल्या, फोटो काढले, आणि तेवढा वेळ त्या मुलांचे आईवडील भिंतीला टेकून उभे होते. भेट मुलाला आईवडिलांच्या हातून मिळाली पाहिजे, तुमच्या-माझ्या हातून नाही. आता आम्ही नवी खेळणी, कपडे, पुस्तके एका खोलीत मांडतो, फक्त आईवडील आत जातात, निवडतात, आणि कागद, चिकटपट्टी, कात्री त्यांच्याच ताब्यात असते. गेल्या नाताळात एक वडील गोदामातली पाळी संपवून पावणेअकराला आले, जॅकेटही न काढता जेवणाच्या टेबलाशी बसले आणि एक खेळण्यातला ट्रक गुंडाळू लागले. चाकांपाशी कागद सारखा फाटत होता. मी मदतीला हात पुढे केला तेव्हा त्यांनी मान हलवली, फाटलेल्या जागी दुसरा तुकडा लावला आणि वर मुलाचे नाव इतके सावकाश लिहिले की मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. म्हणून तुम्ही खेळणी द्याच, पण ती न गुंडाळता, आठवडाभर आधी द्या. लहान मुलांसाठी ढीग जमतो आणि १४-१५ वर्षांच्या मुलांसाठी काहीच नसते, तेव्हा हेडफोन, चांगली बॅग किंवा गिफ्ट कार्ड आणा.

खेळण्यांहून अधिक मोलाची गोष्ट म्हणजे दिवसाचे तास. शाळेत मुलांना सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण मिळते. शाळा बंद झाली की दोन्ही बंद. २५ तारखेला ग्रंथालयेही बंद असतात, आणि ज्या चर्चमध्ये दिवसा माणूस नसतो तिथून कुटुंबाला सकाळी बाहेर पडावे लागले तर जायचे कुठे? २५ आणि २६ तारखेला दिवसभर इमारत उघडी ठेवायला दोन कुटुंबे मिळाली की हा प्रश्न सुटतो. जेवण नेणार असाल तर ॲलर्जी विचारून घ्या आणि मुलांच्या ओळखीचे काही न्या. मी पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने मसालेभात नेला होता, दमलेल्या मुलांनी नुसता पाव खाल्ला. आता भाजलेला पास्ता, कोशिंबीर, फळे नेते, आणि पहाटे निघणाऱ्यांसाठी डबे भरून ठेवते. पैसे द्यायचे असतील तर थोडे जानेवारी-फेब्रुवारीसाठी राखून ठेवा, कारण आमच्याकडे तेव्हा देणगी आटते आणि अनामत किंवा गाडीची दुरुस्ती यांसाठी रोख रकमेची गरज तशीच राहते.

मुलांना जरूर न्या, पण आधी समजावून सांगा. तुम्ही बेघर का झालात, हे कोणालाही विचारायचे नाही, फोटो काढायचे नाहीत. १९८७ च्या मॅककिनी-व्हेंटो कायद्यामुळे बेघर मुलाला आपल्या जुन्याच शाळेत शिकत राहण्याचा हक्क आहे, त्यामुळे तुमच्या मुलीच्या वर्गातलेच मूल तिथे पत्ते खेळताना भेटू शकते. आमच्या मुलीला असे झाले. दोघांनी रात्री दहापर्यंत ऊनो खेळले, आणि जानेवारीत शाळा उघडल्यावर तिने ही गोष्ट कोणालाही, जिवलग मैत्रिणीलाही, सांगितली नाही. तुमची मुलगी एवढे सांभाळू शकेल असे वाटत असेल तर ऑक्टोबरमध्येच काउंटीच्या शाखेला फोन करा, कारण मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासणी आणि प्रशिक्षण यांत काही आठवडे जातात, आणि २४ तारखेची रात्र हवी असे पहिल्याच फोनवर सांगा.