सागरी संवर्धनाचे क्षेत्रीय अभ्यासक्रम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. परदेशातील एका बेटावर उन्हाळी सुटीत ‘सागरी संवर्धनाचा प्रत्यक्ष अनुभव’ देणारा चार आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. माहितीपत्रकात कासवांची पिल्ले तळहातावर घेतलेले विद्यार्थी दिसतात. शुल्क मात्र कर्ज काढल्याशिवाय झेपणारे नाही. असा अभ्यासक्रम चांगला की वाईट, हे घरबसल्या कसे ओळखावे?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : ज्या छायाचित्रामुळे तुम्हाला अभ्यासक्रम आकर्षक वाटला, त्याच छायाचित्रामुळे मला तो संशयास्पद वाटतो. आपल्या किनाऱ्यांवर येणाऱ्या सगळ्या सागरी कासवांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे आणि वन खात्याच्या परवानगीवाचून त्यांना हाताळणे हा गुन्हा ठरतो. इतर देशांचे कायदे वेगळे असतील. परंतु जी संस्था प्राणी हाताळण्याच्या संधीवर अभ्यासक्रम विकते, ती शिकवण्यापेक्षा पर्यटनाच्या अधिक जवळ आहे असे समजण्यास हरकत नाही.

आयोजकांना पत्र लिहून एवढेच विचारा, की विद्यार्थी जी मोजमापे घेतील ती कोणत्या नोंदींत जमा होतात, त्या नोंदी किती वर्षांपासून चालू आहेत आणि त्यांचा वापर कोण करते. प्रवाळाचे आच्छादन, किनाऱ्यावरील कचरा किंवा माशांची संख्या यांपैकी काहीही चार आठवडे मोजून समुद्राविषयी फारसे सांगता येत नाही. तेच मोजमाप त्याच जागी, त्याच पद्धतीने, दरवर्षी येणाऱ्या तुकड्यांनी घेतले असेल, तर तुमचे चार आठवडे एका लांब मालिकेचा भाग होतात आणि मालिकेतूनच घट, वाढ किंवा पुनरुज्जीवन दिसते. ज्यांच्याकडे अशी मालिका असते ते उत्तर देताना थांबत नाहीत. जागा, पद्धत, जबाबदार संशोधक हे सारे लगेच कळवतात. उत्तरादाखल पुन्हा रंगीत माहितीपत्रकच आले, तर पैसे वाचवावेत.

किनाऱ्यावर जाऊन शिकण्याची ही परंपरा जुनी आहे. इटलीत नेपल्स येथे १८७२ मध्ये आणि अमेरिकेत वुड्स होल येथे १८८८ मध्ये सागरी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्या प्राणी जिथे राहतात तिथेच त्यांचा अभ्यास व्हावा म्हणून. आज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर हेरॉन बेटाचे संशोधन केंद्र क्वीन्सलँड विद्यापीठ चालवते. मागे विद्यापीठ असले की गुणांकन, सुरक्षा आणि नोंदींचे जतन या तिन्ही गोष्टींची जबाबदारी घेणारे कोणीतरी असते. आपल्याकडे तमिळनाडूत परंगीपेट्टई येथे अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्राचे केंद्र आहे, आणि तुमच्या घरापासून दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर बसने जाता येईल इतकी जवळ आहे. माझे स्पष्ट मत असे, की पदवीच्या दुसऱ्या वर्षी या शुल्कासाठी कर्ज काढू नये. एक पूर्ण हंगाम गोव्याच्या किनाऱ्यावर काम करावे. पुढे पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना त्या कामाच्या नोंदी प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : माझ्या मुलीला असा अभ्यासक्रम करायचा आहे, पण तिला पोहता येत नाही आणि आम्हा घरच्यांना होडीची व बुडी मारण्याची भीती वाटते. स्कूबा शिकल्याशिवाय या विषयात काही करता येत नाही का?
— एक पालक, मडगाव

उत्तर : पोहायला तिने शिकावेच, ते कोणत्याही अभ्यासक्रमासाठी नव्हे, तर किनाऱ्यावर काम करणाऱ्याची ती किमान गरज आहे म्हणून. स्कूबाची मात्र घाई नाही. गोव्यात बुडी मारणारे बहुतेक जण वास्कोजवळच्या ग्रँड बेटापाशी जातात. तिथे नद्यांच्या गाळामुळे पाणी बहुधा गढूळ असते आणि नवशिक्याचे सगळे लक्ष स्वतःचा श्वास व तोल सांभाळण्यात जाते, त्यामुळे मोजमाप बाजूलाच राहते. स्कूबाचा पहिला प्रमाणित अभ्यासक्रम साधारणतः १८ मीटर खोलीपर्यंतचा असतो. त्याआधी वैद्यकीय माहितीपत्रक भरावे लागते आणि दमा असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. ते पुढे कधीतरी तारकर्लीला किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर शिकता येईल.

सागरी जीवशास्त्राचा मोठा भाग पायी करायचा असतो, भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामध्ये. हणजूणचा खडकाळ किनारा घ्या. वरच्या कोरड्या खडकावर बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नेकलचे (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांचे) पांढुरके थर, आणखी खाली कालवे व शिनाणे (शिंपल्यांचे प्रकार), आणि अगदी खाली, फक्त मोठ्या ओहोटीलाच उघडे पडणाऱ्या भागात, शैवाल असे पट्टे दिसतात. विद्यार्थ्यांना अर्धा मीटर लांबीरुंदीची एक चौकट दिली जाते. दोरे ताणून तिचे दहा-दहा सेंटिमीटरचे २५ चौकोन केलेले असतात, म्हणजे एक चौकोन भरला की ४ टक्के आच्छादन. काम अगदी सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या सकाळी प्रत्येक जण चौकट नेमकी तिथे ठेवतो जिथे काहीतरी सुंदर आहे, आणि तिथेच सगळ्या नोंदी एका बाजूला झुकतात. म्हणून जागा आधीच यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावेत तशा आकड्यांनी ठरवायच्या, मग तिथे नुसता उघडा खडक असला तरी ‘उघडा खडक’ असेच लिहायचे. एकाच चौकटीचा अंदाज दोघांनी स्वतंत्रपणे करून ताडून पाहायचा. एकाला ४० टक्के दिसलेले बार्नेकल दुसऱ्याला ६० टक्के दिसतात आणि मग दोघेही पुन्हा गुडघ्यांवर बसतात. पाण्याखालीही पद्धत हीच असते, फक्त हवा मोजकी असते. ज्याला ती जमिनीवर नीट येत नाही, त्याला पाण्याखाली येत नाही.

तुमच्या भीतीविषयी थोडे. आयोजक भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून दिवस ठरवतात का, हे जरूर विचारा. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा मुंबईच्या समुद्रासाठी ठीक आहे, पण गोव्यातील मुरगाव बंदराची भरती मुंबईच्या आधी येते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यातील मुरगावची वेळच वापरावी. आपल्याकडे दिवसातील दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, हेही तक्त्यावरूनच कळते. खडकावर उतरताना ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी तासभर काम सुरू करावे आणि पाणी वळताच वर यावे. पायांत घट्ट बसणारे बूट असावेत, चपला नकोत. समुद्राकडे पाठ करून वाकू नये. जून ते सप्टेंबर या काळात कोणी खडकाळ किनाऱ्यावर वर्ग घेत असेल, तर मुलीला पाठवू नका.

प्रश्न : मी पेडण्याचा आहे. मोरजीच्या कासवांसाठी विद्यार्थी म्हणून मला नेमके काय करता येईल? रात्री किनाऱ्यावर थांबता येते का?
— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : गोव्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे ओळखले जातात. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्येला हजारो माद्या एकाच वेळी येतात तसे आपल्याकडे होत नाही; एकेक मादी येते, साधारणतः नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. घरटी थोडी असल्यामुळे प्रत्येक घरट्याला महत्त्व आहे. राखणीचे काम वन खाते स्थानिक माणसांच्या मदतीने करते आणि रात्री किनाऱ्यावर थांबायचे असल्यास त्यांच्या परवानगीने, त्यांच्याबरोबरच थांबावे लागते. आपल्या मर्जीने विजेरी घेऊन फिरणारा विद्यार्थी मदत करत नसून अडथळा आणत असतो, कारण उजेड दिसला की वर येऊ पाहणारी मादी अंडी न घालताच परत फिरू शकते.

अंड्यांना हात लावण्याची अपेक्षा ठेवू नका. अंडे घातल्यानंतर काही तासांतच त्यातील गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि त्यानंतर अंडे उलटेसुलटे झाले तर गर्भ मरतो. म्हणून अंडी हलवायचीच असतील तर ती लवकर, न फिरवता आणि प्रशिक्षित हातांनीच हलवली जातात. वाळूच्या तापमानावर पिल्लाचे लिंग ठरते: साधारणतः २९ अंश सेल्सिअसच्या आसपास नर-माद्या जवळपास सारख्या निघतात, वाळू त्याहून तापली तर माद्या वाढतात. त्यामुळे कुंपण घातलेल्या जागेवर सावली किती आहे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. विद्यार्थ्याला खरे काम इथे आहे. परवानगी घेऊन वाळूच्या वेगवेगळ्या खोलीवर तापमान नोंदवणे, पहाटे पर्यटकांच्या पावलांनी पुसण्यापूर्वी मादीच्या मागांची रुंदी मोजणे, घरटे भरतीरेषेपासून किती दूर आहे ते लिहिणे, ही कामे बेताच्या साधनांनी होतात. रिडलेचे माग ओळखायला सोपे असतात. ती हलकी असल्यामुळे एकेक पाय आळीपाळीने टाकत जाते आणि दोन्ही बाजूंच्या खुणा एकाआड एक उमटतात. हिरवे कासव दोन्ही पाय एकदम ओढते, त्यामुळे त्याच्या खुणा समोरासमोर येतात.

पिल्ले बाहेर पडून गेल्यावर अधिकृत कर्मचारी घरटे उकरून रिकामी कवचे, न उबलेली अंडी आणि अर्धवट वाढलेले गर्भ वेगवेगळे मोजतात. नाकाला ते काम आवडत नाही, परंतु घरटे का फसले याचा खरा शोध तिथेच लागतो. सोबत किनाऱ्यावरील दिव्यांचा नकाशा करा: कोणत्या शॅकचा (किनाऱ्यावरील खाद्यगृहाचा) दिवा समुद्राच्या बाजूने दिसतो, तो किती वाजता विझतो, हे पंधरवड्यातून एकदा लिहून ठेवा. पिल्ले उजळलेल्या क्षितिजाकडे वळतात. तो उजेड समुद्राच्या बाजूचा नसेल, तर ती जमिनीकडे चालत सुटतात. असा नकाशा घेऊन शॅकवाल्यांशी बोलणे निषेधपत्रापेक्षा लवकर परिणाम करते, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला फार निधी नाही. आपल्याच विद्यार्थ्यांसाठी असा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?
— एक प्राध्यापिका, म्हापसा

उत्तर : सुरुवात वहीपासून आणि एका जागेपासून करावी, बसभाड्यापलीकडे फारसा खर्च नाही. दरवर्षी नवे ठिकाण निवडण्याचा मोह टाळा.

मी तुमच्या जागी असतो तर चोडण निवडले असते. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेले, की १.७८ चौरस किलोमीटरचे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. प्रवेशासाठी आणि विशेषतः नमुने घेण्यासाठी वन खात्याची परवानगी आधी काढावी. पानही न तोडता करण्यासारखे पुष्कळ आहे. कांदळाची कमानीसारखी आधारमुळे, तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, चिपीची जाड, शंकूसारखी मुळे, एवढ्या तीन खुणांवर विद्यार्थी पहिल्याच दिवशी खारफुटीची ही झाडे ओळखू लागतात. तिवराच्या पानावर सुकलेल्या मिठाचे कण बोटाला लागतात. झाड खारट पाण्यात कसे जगते याचे व्याख्यान नंतर दिले तरी चालते. दहा मीटर लांबीरुंदीचे कायमचे पट्टे आखून, प्रत्येक झाडाचा घेर आणि त्याखालच्या रोपांची संख्या दरवर्षी त्याच महिन्यात मोजावी.

खाजनाकडे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीकडे, मात्र जोडून पाहिले पाहिजे. बांध आणि मानस (बांधातील पाणी सोडण्याची वाट) यांच्या आधारे गोव्याने खाऱ्या पाण्याच्या काठाने शेती उभी केली. मानसाचे दार भरतीच्या दाबाने आपोआप बंद होते आणि ओहोटीला उघडते, त्याशिवाय तिथल्या मासळीचा लिलावही होतो. बांधाच्या बाहेरची कांदळवने लाटांचा मार अडवून बांध सांभाळतात. तोच बांध फुटून आत खारे पाणी शिरले आणि शेतात तिवरे उगवली, तर उपग्रहाच्या नकाशावर ती ‘वाढ’ दिसते; ज्याचे भाताचे शेत गेले त्या शेतकऱ्याला ती वाढ वाटत नाही. या प्रश्नावर विद्यार्थ्यांची एक संध्याकाळ खर्च करावी आणि वादात शेतकऱ्यालाही बोलवावे.

मच्छीमारांना वगळून सागरी संवर्धन शिकवता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकात रापणकारांनी (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी) यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध केलेल्या आंदोलनातूनच गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० मध्ये आला. समुद्राच्या राखणीचा आग्रह आधी ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी धरला, नंतर आम्ही लिहिणाऱ्यांनी. मालीमच्या धक्क्यावर पहाटे उतरणाऱ्या मासळीत विकण्याजोगी किती आणि फेकण्याजोगी किती, हे मालकाची परवानगी घेऊन मोजणे हा उत्तम पाठ आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जाळी विणणाऱ्यांना बोलायला सवड असते, तेव्हा मुलाखती ठेवाव्यात. परदेशी विद्यापीठाशी भागीदारी ठरली, तर नमुने किंवा माहिती देण्यापूर्वी जैविक विविधता कायदा, २००२ खालील मंजुरी लागते का हे आधी तपासा. हे काम नंतर निस्तरणे फार कठीण जाते.

किनाऱ्यावरचा कचरा मोजायचा असल्यास १०० मीटरचा एकच पट्टा ठरवा आणि पिशव्या भरण्याआधी वस्तू मोजा. पावसाळ्याच्या तोंडावर वाळूत डांबराचे काळे गोळेही सापडतील. ते वेगळे लिहा, कारण त्यांचा उगम किनाऱ्यावर नसून समुद्रात सांडलेल्या तेलात आहे.

प्रश्न : अशा अभ्यासक्रमांनंतर नोकरी मिळते का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : केवळ अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर क्वचित. दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था, गोवा विद्यापीठ आणि वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांच्या प्रकल्पांत साहाय्यकांच्या जागा निघतात. त्यांतील अनेक जागांना पदव्युत्तर पदवी लागते. त्यापुढे स्वच्छ नोंदी ठेवता येणे, संख्याशास्त्राची एखादी संगणकप्रणाली वापरता येणे आणि नकाशे करता येणे याला मोल असते. वन खात्याच्या आणि मत्स्यखात्याच्या जाहिराती वेगळ्या येतात, त्या वर्तमानपत्रांत पाहाव्यात. कोकणी आणि मराठी दोन्ही बोलता येणे ही काणकोणच्या तरुणाची जमेची बाजू आहे, कारण धक्क्यावरची माहिती इंग्रजीतून मिळत नाही. अर्जासोबत आपल्या नोंदवहीची चार स्वच्छ पाने जोडावीत आणि त्यांवर तारीख, ओहोटीची वेळ व नोंद घेणाऱ्याचे नाव असावे.